पंप तीन, चालतात दोनच: पाणीयोजनेतल्या तासांचा हिशेब कोण ठेवणार?

उन्हाळा आला की आमच्या पोर्टलवर एक बातमी ठरलेली असते: ‘पंपात बिघाड, शहरात दोन दिवस पाणी नाही.’ खाली वाचकांचा प्रश्नही ठरलेला असतो. एक पंप बिघडला तर दुसरा का लावला नाही? प्रश्न रास्त आहे, कारण बहुतेक योजनांत राखीव पंप असतो. पण ऐनवेळी तो चालतोच असं नाही.

काही वर्षांपूर्वी सीमाभागातल्या एका पंप हाऊसवर गेलो होतो. तीन पंप होते, दोन चालवायचे आणि एक राखीव. पॅनेलमध्ये पीएलसीही होता. पीएलसी म्हणजे कुठला पंप कधी सुरू करायचा, कधी बंद करायचा हे ठरवणारा कंट्रोलर. पण पॅनेलचा स्विच ‘मॅन्युअल’वर होता. ऑपरेटर म्हणाला, “साहेब, एक आणि दोन नंबर चांगलं पाणी फेकतात. तीन नंबर लावला की ग्लँडमधून गळती. कशाला डोक्याला ताप?” तासांच्या मीटरवर पहिल्या दोघांचे आकडे पाच अंकी होते, तिसऱ्याचा तीन अंकी.

ऑपरेटरला दोष देऊन उपयोग नाही. पाणी थांबलं तर शिव्या त्यालाच खाव्या लागतात. दोष आहे तो तासांचा हिशेब कुणी मागतच नाही याचा.

साधं गणित

मी कॉमर्सचा विद्यार्थी, म्हणून खतावणीसारखंच मांडतो. वर्षाचे तास 8,760. दोन पंप कायम चालू ठेवायचे तर वर्षाला 17,520 पंप-तास लागतात. तिघांत सारखे वाटले तर प्रत्येकी 5,840. नाही वाटले तर दोघांवर 8,760 आणि तिसऱ्यावर शून्य. समजा 8,000 तासांनी पंप खोलून दुरुस्ती करायची आहे. मग पहिल्या दोघांची पाळी वर्षाच्या आत येते, तीही एकाच वेळी.

शून्य तासांचा पंप नवाकोरा राहतो, हाही गैरसमज आहे. शेजारचे पंप चालू असताना जमीन हादरते. उभ्या पंपाच्या बेअरिंगमधल्या गोळ्या एकाच जागी दाबल्या जाऊन तिथं व्रण पडतात. ग्लँडचं पॅकिंग सुकतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात मोटारीच्या वायंडिंगमध्ये ओल धरते. मग एप्रिलमध्ये एक नंबर बसला आणि तीन नंबरचं बटण दाबलं, की तो जाम तरी होतो नाहीतर जळतो तरी.

कंट्रोलर काय करतो?

पीएलसी प्रत्येक पंपाचे चालू तास मोजतो. टाकीची पातळी उतरली की उपलब्ध पंपांपैकी सर्वांत कमी तास झालेला पंप आधी सुरू करतो. बंद करायची वेळ आली की सर्वांत जास्त तास झालेला आधी थांबवतो. बिघडलेला पंप आपोआप रांगेतून वगळतो. एवढंच. जिथं पीएलसी आधीच बसवलेला आहे, तिथं यासाठी नवं यंत्र लागत नाही. प्रोग्रॅम नीट असावा आणि स्विच ‘ऑटो’वर असावा.

पण प्रोग्रॅम लिहिताना चार ठिकाणी चूक होते. पहिली, वीज गेली की तासांचा आकडा पुसला जातो. तो कायम राहणाऱ्या मेमरीतच ठेवायला हवा. दुसरी, दोन-चार तासांच्या फरकावर पंप बदलत बसणं. मोठी मोटार थेट सुरू करताना नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते, म्हणून ठरावीक फरक पडल्याशिवाय बदल नको. तिसरी, पंप सतत चालूच असेल तर सुरू-बंद होतच नाही आणि पाळीही येत नाही. अशा ठिकाणी आठवड्याला सक्तीची अदलाबदल लागते. 24 तास पाण्याच्या योजनांत हे विसरून चालणार नाही.

चौथी चूक गमतीची आहे. जुना पंप काढून नवा बसवला की त्याचे तास शून्य. कंट्रोलर प्रामाणिकपणे त्यालाच पुढे करतो आणि बाकीच्यांची बरोबरी होईपर्यंत त्याची सुट्टी नाही. म्हणून पंपाच्या आयुष्याचे तास वेगळे आणि पाळीचे तास वेगळे मोजावे लागतात.

सारखं वाटप नेहमीच बरं नाही

तिन्ही पंपांचे तास तंतोतंत सारखे ठेवले तर तिघेही एकाच महिन्यात झिजून दुरुस्तीला येतील. म्हणून जाणकार मुद्दाम फरक ठेवतात. राखीव पंपाला कमी तास द्यायचे, पण नियमित द्यायचे. विजेचाही विचार आहे. तेवढंच पाणी द्यायला 100 किलोवॅटचा पंप झिजल्यामुळे 5 टक्के जादा वीज खात असेल, तर 5,840 तासांत 29,200 युनिट वाया जातात. युनिटला 6 रुपये धरले तरी पावणेदोन लाख. असा पंप आधी दुरुस्त करायचा. तासांच्या समानतेसाठी तो रेटत बसण्यात अर्थ नाही.

आपण काय मागायचं?

बेळगावला राकसकोप आणि हिडकलचं पाणी, पणजीला ओपाचं, इंदूरला सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदेचं. राज्यं वेगळी, पण पाणी पंपानंच येतं. नगरसेवक निवडणुकीत नव्या योजनेबद्दल बोलतात, जुन्या पंपाच्या तासांबद्दल कुणी बोलत नाही.

2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली चार गोष्टी मागता येतील: प्रत्येक पंपाचे महिन्याचे चालू तास, स्विच किती दिवस मॅन्युअलवर होता, राखीव पंप शेवटचा कधी चालवला, आणि देखभालीच्या ठेक्यात हा अहवाल देण्याची अट आहे का. सीमाभागात कागद कुठल्या भाषेत मिळतो, हे आपलं जुनं दुखणं. पण इथं नुसते आकडे आहेत, ते कुणालाही वाचता येतात. तीन नंबरपुढे शून्य दिसलं, तर पुढचा प्रश्न पाणी असतानाच विचारा. अर्ज करायला फेब्रुवारी बरा. मेमध्ये उत्तर येईपर्यंत टँकर दारात उभा असतो.