त्यांचं भांडण, आपला खिसा

"घाई करू नका, थोडं थांबा, बाजार कुठं वळतो ते बघा आणि मग घ्या." नवं यंत्र घ्यायला निघालेल्या माणसाला हा सल्ला चाळीस वर्षं फुकट वाटला जातोय. व्हिडिओ कॅसेटच्या काळात तो होता, व्हीसीडी-डीव्हीडीच्या काळात होता, ब्ल्यू-रेच्या वेळी तर मासिकांची पानंच्या पानं त्यावर खर्ची पडली. सल्ला देणारा शहाणा ठरतो, घाबरून दुकानाबाहेर पडणारा गिऱ्हाईक बावळट. मला या सल्ल्याची चीड येते. कंपन्यांनी आपसांत भांडायचं, आणि त्या भांडणात कोण टिकेल हे ओळखायचं काम मात्र साताऱ्याच्या शिक्षकानं आणि सांगलीच्या हळद व्यापाऱ्यानं करायचं! ओळखता आलं नाही, की "तुम्हीच चुकीचं घेतलं" म्हणायला हे सगळे मोकळे.

गिऱ्हाइकाची ही धास्ती म्हणजे त्याचं अज्ञान, असं कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. दुसऱ्यानं केलेल्या जुगाराचे पैसे आपल्याला भरावे लागणार, हे त्याला आधीच कळलेलं असतं, म्हणून तो घाबरतो.

आधी आपल्याकडचं बोलू. २०००च्या आगेमागे आपल्या भागात व्हीसीडीचं राज्य आलं. मिलिटरी अपशिंग्यात प्लेअर फौजी कॅन्टीनमधून आला, पाटण-जावळीत मुंबईला माथाडी काम करणाऱ्यांनी आणला, विटा-आटपाडीकडे गलाईच्या धंद्यासाठी परराज्यांत गेलेल्यांनी यात्रेला येताना आणला. वरच्या आळीतले लोक तेव्हा नाकं मुरडत. त्यात तथ्य होतं. १९९३ साली ठरलेल्या व्हीसीडीच्या चित्राची रुंदी-उंची ३५२ गुणिले २८८ ठिपके, डीव्हीडीची ७२० गुणिले ५७६, म्हणजे चौपट ठिपके. मारामारी सुरू झाली की व्हीसीडीवर नायकाच्या तोंडाचे चौकोन व्हायचे. एका तबकडीत जेमतेम ७४ मिनिटं मावायची, त्यामुळं हिंदी सिनेमा दोन-तीन तबकड्यांत तुटायचा आणि ऐन रंगात कुणीतरी उठून सीडी बदलायचा.

पण एक गोष्ट त्या कळकट तबकडीत होती, जी पुढच्या एकाही चकचकीत तबकडीत आली नाही. ती कुठल्याही प्लेअरवर चालायची. चिनी, जपानी, देशी, मित्राच्या संगणकावर, कुठंही. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी एकत्र बसून तिचे नियम ठरवले होते, म्हणून हे झालं. एरवी एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या या कंपन्यांना एकत्र बसता येतं, हे ध्यानात ठेवा.

मग डीव्हीडी आली आणि तिच्याबरोबर आलं 'प्लस की मायनस'. मोठ्या शहरांतल्या लेखकांनी या भांडणाकडं फारसं पाहिलं नाही, पण आपल्याकडच्या लग्नाच्या शूटिंगवाल्याला विचारा. कोऱ्या डीव्हीडीच्या दोन जाती होत्या. पायोनियरची आणि डीव्हीडी फोरमची 'मायनस आर' १९९७ची, सोनी-फिलिप्सच्या गटाची 'प्लस आर' २००२ची. आकार तोच, चमक तीच, साठवण तीच, ४.७ जीबी. खरं भांडण स्वामित्वधन कुणाच्या खिशात जाणार याचं. काही जुने प्लेअर एक जात वाचायचे, दुसरीला 'नो डिस्क' म्हणून थोबाडीत मारायचे. माझ्या आत्तेबहिणीच्या लग्नाची डीव्हीडी शूटिंगवाल्याच्या दुकानात चालली, तिच्या सासरी चालली नाही. सासरचे म्हणाले, शूटिंगवाला फसवा. शूटिंगवाला म्हणाला, प्लेअर भंगार. दोघेही आपापल्या जागी खरे होते आणि ज्यांच्यामुळं हे झालं ते दोन्ही गट आपापल्या मुख्यालयात निवांत होते. पुढं दोन्ही जाती वाचणारे प्लेअर आणि दोन्ही लिहिणारे रायटर सर्रास मिळू लागले. म्हणजे ते करता येत होतंच. आधी का केलं नाही, याचा जाब कुणीही कुणाला विचारला नाही.

आता त्या गाजलेल्या लढाईकडं येऊ. २००६ साली तोशिबानं एचडी डीव्हीडी आणली, सोनीच्या गटानं ब्ल्यू-रे. एका थरात एकीची साठवण १५ जीबी, दुसरीची २५. दोन्ही तबकड्या १२ सेंटिमीटरच्या, दोन्हींना निळा लेझर, आणि दोन्ही एकमेकींच्या यंत्रात निरुपयोगी. ऑगस्ट २००७मध्ये पॅरामाउंट या सिनेमा कंपनीनं ब्ल्यू-रे सोडून एचडी डीव्हीडीला मिठी मारली, आणि त्यासाठी मोठी रक्कम मोजली गेल्याच्या बातम्या आल्या. ४ जानेवारी २००८ला वॉर्नरनं उलटी उडी मारली. १९ फेब्रुवारीला तोशिबानं हात वर केले. वॉर्नरच्या घोषणेपासून दीड महिन्यात लाखो लोकांची यंत्रं अडगळीत गेली.

सातारा-सांगलीत या लढाईची झळ फारशी पोचली नाही, आणि त्याबद्दल आपल्याला मागासलेलं म्हणणारेही भेटले. मला उलट वाटतं. त्या दिवसांत आपल्या खेड्यांत विजेचं भारनियमन तासन्‌तास चालायचं आणि त्या दोन दिव्य तबकड्यांवर मराठी असं काही नव्हतंच. मग कुणाच्या विजयासाठी आपण पैसे लावायचे? आपल्या माणसानं ती लढाई लांबून पाहिली आणि व्हीसीडी लावली. इतका व्यवहारी निर्णय त्या काळात न्यूयॉर्कमध्येही फार कमी जणांनी घेतला असेल.

आणि जिंकलेल्या ब्ल्यू-रेचं काय झालं? २०१९मध्ये सॅमसंगनं अमेरिकेच्या बाजारासाठी नवे ब्ल्यू-रे प्लेअर काढणं थांबवलं. फेब्रुवारी २०२५मध्ये खुद्द सोनीनं कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचं उत्पादन बंद केलं. थोडं थांबून, बाजार बघून, जिंकणारा घोडा निवडणारा शहाणाही शेवटी त्याच भंगारवाल्याच्या दारात उभा आहे.

"स्पर्धेशिवाय प्रगती होत नाही," असं यावर कुणीतरी म्हणणारच. स्पर्धा मलाही हवी आहे. पण कोणती, ते आपल्याच बाजारानं दाखवलंय. मोझर बेअर ही भारतीय कंपनी २००७च्या सुमारास अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला लागली. त्याआधी अस्सल डीव्हीडी शेकड्यांत विकली जायची. इतरांनाही मग भाव उतरवावे लागले. तबकडीची जात सगळ्यांची एक होती, म्हणून भांडण भावावर आलं आणि फायदा गिऱ्हाइकाचा झाला. जाती वेगळ्या असतात तेव्हा कंपन्या भावावर भांडत नाहीत, गिऱ्हाइकाला आपल्या दावणीला बांधून ठेवण्यावर भांडतात. पहिलीला स्पर्धा म्हणा, दुसरीला खंडणी.

हे भांडण थांबवता येत नाही, असंही नाही. डीव्हीडीच्या जन्माआधी दोन गट होते. एकीकडे सोनी-फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा आणि टाइम वॉर्नर. व्हिडिओ कॅसेटच्या काळातलं व्हीएचएस आणि बीटामॅक्सचं महाभारत पुन्हा होणार होतं. १९९५मध्ये आयबीएमसह बड्या संगणक कंपन्यांनी एकत्र येऊन बजावलं, की एक काय ते ठरवा, नाहीतर आम्ही दोन्ही घेणार नाही. त्याच वर्षी तह झाला. कुणाला साक्षात्कार झाला नव्हता. मोठं गिऱ्हाईक संघटित होऊन नाही म्हणालं, एवढंच घडलं होतं.

याचं आपल्याला तरी नवल वाटायला नको. उसाच्या पहिल्या उचलीसाठी चक्का जाम करणारी आपली माणसं. कारखान्यानं काट्यात मारलं की रस्त्यावर उतरतो, आणि दहा हजारांचं यंत्र दोन वर्षांत निकामी झालं की म्हणतो, "जाऊ द्या, जमाना बदलला." जमाना आपोआप बदलत नाही. कुणीतरी तो बदलतं आणि बिल आपल्या नावावर फाडतं.

ते झालं कंपन्यांच्या आपसांतल्या भांडणाचं. एक भांडण थेट गिऱ्हाइकाशी होतं, ते म्हणजे प्रदेशाचं कुलूप. डीव्हीडीसाठी जगाचे तुकडे पाडले. अमेरिका पहिल्या प्रदेशात, भारत पाचव्यात. न्यू जर्सीतल्या लेकानं मिरजेतल्या आईबापांना पाठवलेली अस्सल, पैसे मोजून घेतलेली डीव्हीडी इथल्या नियम पाळणाऱ्या प्लेअरवर चालायची नाही, आणि रस्त्यावरची चोरीची मात्र बिनबोभाट चालायची. प्रामाणिक माणसाला शिक्षा आणि चोराला मोकळं रान, असा हा बंदोबस्त. त्यावर पुन्हा सिनेमाच्या सुरुवातीला पायरसी हा गुन्हा असल्याचं प्रवचन, तेही ज्यानं विकत घेतलंय त्यालाच सक्तीनं ऐकवायचं!

या भांडणांत सगळ्यांत जास्त नुकसान कुणाचं झालं? आपल्या भाषेचं. सांगली नाटकाची पंढरी म्हणवते, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं. कवलापूरच्या काळू-बाळूंच्या तमाशानं महाराष्ट्र हसवला. बाबामहाराज सातारकरांचं कीर्तन घराघरांत वाजलं. नाटक, तमाशा, कीर्तन यांची ध्वनिचित्रमुद्रणं कॅसेटवर आणि स्वस्त व्हीसीडीवर निघाली. पुढच्या महागड्या जातींवर त्यांना आणायला कुणाला धंदा दिसला नाही. आज कित्येक जुने मराठी सिनेमे आपल्याला दिसतात ते कुणीतरी व्हीसीडीवरून उतरवून इंटरनेटवर टाकलेल्या प्रतीत, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आणि चित्राखालून सरकणारी जाहिरात यांच्यासकट.

मिरजेला राहिलेले गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांची ७८ फेऱ्यांची तबकडी आजही त्या वेगाच्या यंत्रावर योग्य सुई लावली की गाते. व्हीएचएसचं यंत्र बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६मध्ये थांबली. नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या कॅसेटा कपाटात आहेत, त्या दाखवणारं यंत्र घरात नाही. २०१९च्या महापुरात सांगलीतल्या कित्येक घरांतले आल्बम आणि तबकड्या चिखलात गेल्या, त्याला नदी कारण होती. सातारा शहरात तर पूर शिरला नव्हता. तिथल्या कोरड्या कपाटातल्या कॅसेटा कुणी बुडवल्या?

"आता तबकड्यांचा जमाना संपला, सगळं ओटीटीवर मिळतं," असं ज्यांना वाटतं त्यांनी बिलं काढून बघावीत. लढाई संपलेली नाही, फक्त तबकडीही हातातून गेलीय. ३१ मार्च २०२३ला डिस्ने प्लस हॉटस्टारवरून एचबीओचे कार्यक्रम निघून गेले. पुढं ते जिओ सिनेमावर उगवले. फेब्रुवारी २०२५मध्ये हे दोन्ही मंचच एक झाले. या सगळ्या प्रवासात एकदाही गिऱ्हाइकाला विचारलं नाही. डिसेंबर २०२३मध्ये तर सोनीनं प्लेस्टेशनवर 'विकत' घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढून टाकण्याची नोटीस दिली. ओरड झाल्यावर ती मागे घेतली. पैसे पूर्ण घेतलेल्या मालावर विकणाऱ्याचा हात कायम, हा कुठला व्यापार? कॅलिफोर्नियानं कायदाच केला, की डिजिटल माल विकताना हा फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगा. १ जानेवारी २०२५पासून तो लागू आहे. आपल्याकडे २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे, साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा ग्राहक आयोग आहेत. विकत म्हणून भाड्यानं देण्याला अनुचित म्हणायला आणखी काय लागतं?

भरपाई अशक्य आहे, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. एचडी डीव्हीडी बुडाल्यावर अमेरिकेतल्या बेस्ट बाय या दुकानसाखळीनं ते प्लेअर घेतलेल्या गिऱ्हाइकांना ५० डॉलरची भेटकार्डं दिली. वॉर्नरनं पुढं थोड्या पैशांत जुनी तबकडी बदलून ब्ल्यू-रे द्यायची योजना काढली. आणि सक्ती अशक्य आहे म्हणणाऱ्यांना युरोप दाखवा. २८ डिसेंबर २०२४पासून तिथं नव्या मोबाइलला टाइप-सी चार्जिंग बंधनकारक आहे, आणि ॲपलसारख्या हट्टी कंपनीनंही त्याआधीच, २०२३मध्ये, आयफोनचं भोक बदललं.

म्हणून मागण्या सरळ आहेत. यंत्राच्या खोक्यावर लिहा, की ते कोणत्या जाती वाचतं, कोणत्या नाही, आणि किती वर्षं सुटे भाग मिळतील. जात बंद केलीत, तर घेणाऱ्याला बदली द्या किंवा पैसे द्या. 'विकत' आणि 'भाड्यानं' हे दोन वेगळे व्यवहार आहेत, बटणावर जे खरं असेल तेच छापा. आणि प्रदेशाची कुलपं काढा.

तोवर आपलं आपण एवढं करा. लग्नाची, नाटकाची, वडिलांच्या आवाजाची कॅसेट घरात असेल तर यंत्र मिळतंय तोवर साध्या, कुठंही चालणाऱ्या फाइलमध्ये उतरवून घ्या आणि दोन प्रती दोन घरांत ठेवा. पैसे पूर्ण देऊन घेतलेला माल कुणी परत ओढला, तर पावती घेऊन जिल्हा आयोगाकडं जा, गप्प बसू नका. धंद्यातला धोका धंदा करणाऱ्यानं पत्करायचा असतो. गिऱ्हाइकाचं काम दाम मोजण्यापुरतं, आणि मोजलेल्या दामाचा माल पूर्णपणे त्याचा असला पाहिजे.