अंगणातला दिवा घटकाभर मालवा



आमच्या लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, अख्खं घर शेतात जेवतं. गेल्या खेपेला भज्जी-आंबिल खाऊन दिवेलागणीला घरी आलो. नातवानं विचारलं, "आजोबा, पेरणीचं मृग आकाशात कुठं असतं?"

त्याला अंगणात नेलं. दाराशी नवा लखलखीत दिवा. वर मोजून पाच-सहा चांदण्या. मलाच मृग सापडेना! मनाला लागलं. घरात घड्याळ नव्हतं तेव्हा माझे वडील या दिवसांत तिकांडं माथ्यावर आलं की मध्यरात्र झाली असं धरीत आणि त्या हिशेबानं दारं धरीत. ती विद्या माझ्याच दारात विझली होती.

तसेच दोघं शेताकडे परत गेलो. बॅटरी वाटेपुरती लावली, कारण रात्री साप-किरडू असतंच. बांधावर बसून ती विझवली. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात. मग आभाळ असं भरून आलं, की पोरगं बोलायचं थांबलं.

पूर्वेला मृग होतं. चार तारे म्हणजे त्याचे चार पाय, मध्ये तीन ताऱ्यांचा बाण; तेच तिकांडं. ती रेघ खाली वाढवली की व्याध, रात्रीच्या आभाळातला सर्वांत तेजस्वी तारा. त्याचा उजेड निघाल्यापासून आपल्यापर्यंत पोचायला साडेआठ वर्षं लागतात. रेघ वर वाढवली की लालसर रोहिणी, पुढे कृत्तिकांचा पुंजका.

नातू म्हणाला, "मग जूनमध्ये दाखवा ना, पेरणीला!" तेव्हा मृग दिसत नाही. ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृगात येतो, म्हणून ते नक्षत्र दिवसा उगवतं आणि उजेडात लपतं. आपण मृगावर पेरतो, पण मृग बघायचं ते हिवाळ्यातच.

नागपूरकडचं पेंच जंगल २०२४ साली अंधारं आकाश राखणारं भारतातलं पहिलं उद्यान ठरलं. तिथल्या गावांत खाली तोंडाचे दिवे बसवले आहेत. आपल्यालाही ते जमेल. दिवा हवाच, पण त्याचा उजेड पायांपुढे पडावा, आभाळात नको. आम्ही दाराच्या दिव्याला वरून पत्र्याची टोपी घातली आहे.

येत्या हिवाळ्यात अमावास्येच्या सुमारास लेकराबाळांना घेऊन बांधावर बसा. म्हातारी माणसं घरात असतील तर त्यांनाही न्या. चांदण्यांची नावं त्यांच्याच तोंडून ऐका.