लाटेच्या शेजारी



समुद्र आम्हां सांगलीकरांना परकाच. तरीही २०१४ च्या जानेवारीत, कॅलिफोर्नियात कन्येकडे मुक्काम असताना, मासेमारीच्या एका नावेत बसून मी प्रचंड लाटांवरील सर्फिंगची स्पर्धा पाहिली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस हाफ मून बे नावाचे गाव आहे. तेथे किनाऱ्यापासून सुमारे अर्ध्या मैलावर ‘मॅव्हरिक्स’ ही लाट उठते. स्पर्धेची तिथी आधी ठरत नसे. हिवाळ्यात दूरच्या वादळाने हेलावलेला समुद्र इकडे येतो आहे अशी चिन्हे दिसली, की स्पर्धकांना तातडीने पाचारण केले जाई. २०१० साली अशाच लाटांनी किनाऱ्यावरील प्रेक्षकांना लोळवले व अनेक जण जखमी झाले. तेव्हापासून स्पर्धेच्या वेळी किनारा प्रेक्षकांना बंद असे. म्हणून नाव.

पिलर पॉइंट बंदरातून निघालो. कन्येने सुंठीची गोळी हाती ठेवली, तरी पोट ढवळायचे ते ढवळलेच. समोर दुमजली, तिमजली घराएवढे पाणी उभे राहून कोसळत होते आणि आमची नाव शेजारीच नुसती डुलत होती! कारण तळाशी आहे. तेथे खडकाचा एक उंचवटा असून त्याच्या बाजूंना खोल पाणी आहे. उंचवट्यावर लाटेचा वेग मंदावतो, तिच्या दोन्ही बाजू आत वळतात आणि सारे बळ एका जागी एकवटते. खोल पाण्यात मात्र तीच लाट न फुटता निघून जाते.

जेफ क्लार्क हा स्थानिक तरुण १९७५ पासून सुमारे पंधरा वर्षे येथे एकटाच उतरत असे. १९९४ च्या डिसेंबरात हवाईचा नामांकित मार्क फू येथेच मृत्यू पावला. हे ऐकल्यावर मला स्पर्धकांची स्वारी पाहण्यापेक्षा त्यांची वाट पाहणे अधिक महत्त्वाचे वाटू लागले. फळीवर बसून ते लाटांमागून लाटा सोडून देत होते. एक जण कोसळला, तेव्हा जलस्कूटरवाला रक्षक फेसात घुसला, आणि बाकीचे प्रतिस्पर्धी माना उंचावून त्याचे डोके वर येते का ते पाहत राहिले.

त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेचा ग्रँट बेकर विजयी झाला. परतताना जावई म्हणाले, “बाबा, २००८ च्या अंतिम फेरीतही हा होता. तेव्हा त्या सहाही जणांनी पाण्यातच ठरवले, की कोणीही जिंको, बक्षिसाची रक्कम सहा जणांत सारखी वाटायची. ग्रेग लाँग जिंकला. क्रमांक लागले, पैसा मात्र वाटला गेला.”

मी गप्प झालो. हळदीच्या अडत दुकानाची वाटणी होऊन सहा वर्षे झाली होती. पेढीचे जुने नाव कोणाकडे राहावे, यावरून थोरल्या बंधूंशी माझा अबोला होता. वहीतील प्रत्येक आकडा मला पाठ होता. पण मी बुडालो तर मान उंचावून कोण पाहील, हा प्रश्न मी वहीत कधी मांडलाच नव्हता.

सायंकाळी, सांगलीत सकाळ झाल्यावर, फोन लावला.

“अण्णा, मी बोलतोय.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, “तिकडे थंडी फार असते म्हणतात. कानाला गुंडाळतोस ना?”

पेढीचे नाव आजही अण्णांच्याच पाटीवर आहे. दिवाळीच्या वहीपूजनाला मात्र मी आधी त्यांच्या दुकानी जातो, मग माझ्या.