आम्हां कलावाल्यांना आकाश वर्ज्य का?

तृतीय वर्ष, कला (भूगोल)

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर माझ्या मामाचे दीड एकर धान आहे. रोवणीच्या दिवसांत आम्ही चिखलात वाकलेलो असतो आणि जरा उघडीप मिळाली की डोक्यावरून शिकाऊ वैमानिकांची इवलीशी विमाने घिरट्या घालू लागतात. धावपट्टीला चाके टेकवायची, लगेच वर उठायचे, एक फेरी मारायची, पुन्हा टेकवायची. मामा कमरेवर हात ठेवून वर बघतो आणि म्हणतो, "हे पोट्टे दिवसभर उतरूनच राहिले. जाऊन कुठं राहिले?"

मला मात्र ते कुठे जाणार हे ठाऊक होते आणि मलाही तिकडेच जायचे होते. बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेच्या माहितीकक्षात मी धीर करून शिरले. टेबलामागच्या गृहस्थांनी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. "शाखा?" एवढेच विचारले. मी म्हटले, "कला." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी किराणा दुकानात रेल्वेचे तिकीट मागायला आले होते. "फिजिक्स-मॅथ्स नाही? मग नाही होणार." मी बाहेर पडले तेव्हा मला आत सोडणाऱ्या शिपायाची विडीसुद्धा विझली नव्हती.

त्या अर्ध्या मिनिटाचा राग आज तिसऱ्या वर्षातही उतरलेला नाही, हे मी आधीच कबूल करते. पण नुसत्या रागाने वार्षिक अंकाची पाने भरू नयेत असे आमच्या सरांचे म्हणणे. म्हणून गेली दोन वर्षे हा विषय मी मिळेल तिथून वाचून काढला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते.

आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, डीजीसीए हे सरकारी महासंचालनालय देते. वय १८ पूर्ण, प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी, किमान २०० तासांचे उड्डाण आणि हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम व विमानाचे तांत्रिक ज्ञान यांच्या लेखी परीक्षा. प्रत्येक विषयात शंभरापैकी ७० गुण हवेत. शिवाय रेडिओवर बोलण्याची वेगळी परीक्षा. पुढे मोठ्या विमानाचा कप्तान व्हायचे तर एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स, त्याला वय २१ आणि १५०० तास. हे सारे रास्तच आहे. या सगळ्याच्या दारात मात्र एक उंबरठा घातला गेला: बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. हा उंबरठा काही विमानविद्येइतका जुना नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मॅट्रिक, म्हणजे दहावी, पुरत असे. त्या जुन्या नियमाखाली परवाना मिळवलेल्या वैमानिकांनी पुढे कित्येक वर्षे आपल्या देशाची मोठमोठी विमाने चालवली आणि सुखरूप उतरवली. भारतातला पहिला वैमानिक परवाना १९२९ साली ज्यांना मिळाला त्या जे. आर. डी. टाटांकडे तर विद्यापीठाची पदवीही नव्हती. १९३२ साली त्यांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले, तेव्हा जुहूला कोणी त्यांची गुणपत्रिका मागितल्याचे ऐकिवात नाही.

जुन्या काळचे सोडा. परदेशी जाणाऱ्या विमानांचे काय, हे पाहू. कारण खरी गंमत तिथेच आहे.

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे ५२ राष्ट्रांनी एका करारावर सह्या केल्या. त्याच्या ३२ व्या कलमात असे ठरले की, विमान ज्या देशात नोंदलेले असेल त्या देशाने वैमानिकाला परवाना दिलेला असावा, किंवा दुसऱ्याने दिलेला परवाना त्या देशाने ग्राह्य धरलेला असावा. ३३ वे कलम म्हणते की, तो परवाना आंतरराष्ट्रीय किमान अटींना उतरत असेल तर इतर राष्ट्रांनी तो मानावा. या किमान अटी कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वय, तास, प्रकृती, ज्ञान, कौशल्य, सारे त्यात आहे. वैमानिकाला काय काय *माहीत* असावे याची यादी लांबलचक आहे: हवाई कायदा, विमानाची रचना, उड्डाणाची तत्त्वे, हवामान, मार्गनिर्देशन, रेडिओवरचे संभाषण आणि, मानसशास्त्राच्या मैत्रिणींनी लक्ष द्यावे, माणसाच्या क्षमता व मर्यादा. पण हे ज्ञान त्याने शाळेच्या कोणत्या बाकावर बसून मिळवावे, हे मात्र त्या परिशिष्टात नाही. ते विचारायचे परीक्षेने, शाखेने नव्हे.

याचा अर्थ काय झाला? अमेरिकेत इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेतलेला, किंवा पदवीच न घेतलेला, एखादा गृहस्थ तिथल्या परीक्षा उत्तीर्ण होऊन कप्तान होतो. तो रात्री तीनशे माणसे घेऊन मुंबईला उतरतो. आपण त्याचा परवाना मान्य करतो, कारण तसा करारच आहे. त्याला कोणी विचारीत नाही की, बाबा रे, अकरावीला तू काय घेतले होतेस? आमच्याच आकाशात तो चालतो. त्या आकाशाखाली धान रोवणारी मुलगी चालत नाही.

हे मी एकदा स्टाफरूमच्या दारात भौतिकशास्त्राच्या सरांना ऐकवले. (कनिष्ठ महाविद्यालयाला विज्ञान शाखा आहे, म्हणून सर आमच्या वाट्याला येतात.) सर शांतपणे म्हणाले, "अगं, पंख हवेत का टिकतो हे न समजता तू विमान चालवणार? भार आणि तोल यांची आकडेमोड कोण करणार, मी?" सरांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. गणित नको असे म्हणणाऱ्या वैमानिकाच्या विमानात मी स्वतःच बसणार नाही. परंतु कोणते गणित, किती गणित?

एक उदाहरण देते. वैमानिकांच्या मार्गनिर्देशनात एक-साठचा नियम म्हणून आहे. ६० सागरी मैल गेल्यावर विमान ठरलेल्या रेषेपासून एक मैल बाजूला सरकले असेल, तर दिशा साधारण एका अंशाने चुकली. तीन मैल सरकले तर तीन अंश. ३० मैलांतच दोन मैल सरकले तर? चार अंश. हे त्रैराशिक आहे. सातवीत गुरुजींनी हातावर छडी देऊन शिकवले ते हेच. आणि सागरी मैल म्हणजे काय, तर अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. हे विज्ञानवाल्यांपेक्षा आम्हां भूगोलवाल्यांनाच आधी शिकवतात! नकाशाची प्रक्षेपणे, वाऱ्यांची दिशा, ढगांचे प्रकार, समदाब रेषा या गोष्टी माझ्या बी. ए. च्या अभ्यासक्रमात आहेत. इंजिन आणि उड्डाणतत्त्वांचे भौतिकशास्त्र मला नव्याने शिकावे लागेल, शंका नाही. ते शिकले की नाही हे पाहायला ती ७० गुणांची परीक्षा आहेच ना? चाळणी इतकी बारीक असताना दारात दुसरी चाळणी टांगण्याचे प्रयोजन मला अजून कोणी पटवलेले नाही.

आता कलाशाखेच्या वाचकांनी जरा सावरून बसावे, कारण पुढचा भाग खास त्यांचा आहे.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ बेटाचा विमानतळ, धावपट्टीवर दाट धुके. दोन अवाढव्य जंबो जेट एकाच धावपट्टीवर. त्यांतल्या डच विमानाच्या सहवैमानिकाने रेडिओवर इंग्रजीत जे सांगितले, त्याचा अर्थ "आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत" असाही होई आणि "आम्ही उड्डाण करीत आहोत" असाही. नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला. तो "ओके" म्हणाला आणि पुढे थांबायला सांगू लागला. नेमके त्याच क्षणी दुसरे विमानही रेडिओवर बोलले आणि दोन्ही वाक्ये एका कर्कश आवाजात बुडाली. डच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली की, ते दुसरे विमान अजून धावपट्टीवरच नाही ना? ज्येष्ठ कप्तानाने ती झटकून टाकली. ५८३ माणसे मेली. दोन्ही विमानांची इंजिने ठीक होती, पंख ठीक होते, भौतिकशास्त्र अगदी चोख होते. चुकले ते एक संदिग्ध वाक्य, आणि वडीलधाऱ्यापुढे दुसऱ्यांदा तोंड उघडायचा संकोच. तेव्हापासून "टेकऑफ" हा शब्द रेडिओवर फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी नाही, असा दंडक पडला.

२५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ कोलंबियाचे एक विमान इंधन संपून कोसळले. ७३ जण गेले. इंधन संपत आल्याचे सहवैमानिकाने सांगितले होते; पण "आणीबाणी" हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही, आणि तो शब्द निघाल्यावाचून नियंत्रकांच्या लेखी ते विमान रांगेतल्या इतरांसारखेच एक होते. आणि १२ नोव्हेंबर १९९६ ला आपल्या हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमाने एकमेकांवर आदळली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायचे होते, ते खाली आले. ३४९ जीव गेले. तिथल्या वैमानिकांना इंग्रजी सूचना कितपत कळत होत्या, हा प्रश्न चौकशीत निघालाच.

अशा अपघातांतून शहाणे होऊन आंतरराष्ट्रीय संघटनेने मार्च २००८ पासून भाषेची अट सक्तीची केली. परदेशी उड्डाण करणाऱ्या वैमानिकाला रेडिओवर वापरायची भाषा, बहुधा इंग्रजी, सहांपैकी किमान चौथ्या पायरीपर्यंत यावीच लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपदा, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा अंगांनी ती तपासतात. ज्या अंगात सर्वांत कमी तीच तुमची पायरी. चौथ्या पायरीवाल्याची तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा. साहेबासारखे बोलावे अशी अपेक्षा नाही, आपला देशी हेल चालतो. ऐकणाऱ्याला कळले म्हणजे झाले. सांगा, हा अभ्यासक्रम कोणत्या शाखेचा वाटतो? शब्दाला दोन अर्थ असतात आणि ऐकणारा भलताच अर्थ घेतो, हे ज्यांना वर्षानुवर्षे शिकवले जाते, त्यांनाच शब्दावर जीव टांगलेल्या या धंद्यात मज्जाव!

दाखल्याने सुरक्षितता येते या समजुतीबद्दल आणखी एक. जानेवारी २०११ मध्ये गोव्याला एक विमान नाकाकडच्या चाकावर आपटत उतरले. चौकशी झाली, तेव्हा त्या वैमानिकाने वरचा परवाना खोट्या गुणपत्रिकेवर मिळवल्याचे उघड झाले आणि मग आणखी काही प्रकरणे निघाली. जून २०२० मध्ये पाकिस्तानच्या मंत्र्यांनी संसदेत सांगितले की, त्यांच्या ८६० पैकी २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद आहेत. पुढे हा आकडा बराच खाली आला. पण युरोपने त्यांच्या राष्ट्रीय विमान कंपनीला १ जुलै २०२० पासून दार बंद केले ते २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत. एका देशाचा परवाना दुसरा देश मानतो तो परीक्षेच्या सचोटीवर. ती सचोटी नसेल तर बारावीची भौतिकशास्त्राची गुणपत्रिका काय वाचवणार? तीही कागदच.

बरे, हा उंबरठा कोणाला अडवतो? शहरातल्या पैसेवाल्या मुलाला नव्हे. तो कलाशाखेचा असला तरी मुक्त विद्यालयातून तेवढे दोन विषय बसून देतो आणि मोकळा होतो. खरे तर ही पळवाट अधिकृतच आहे. अडतो तो ज्याला या पळवाटेचा पत्ताच नसतो. मी कलाशाखा आवडीने घेतली असे सांगायला मला आवडेल, पण खरे सांगते. आमच्या गावाहून विज्ञानाचे कनिष्ठ महाविद्यालय २२ किलोमीटर. प्रॅक्टिकल संपता संपता शेवटची एस. टी. निघून जाई. बाबा म्हणाले, मुलीची जात, अंधारात कशी येशील? झाले, माझी शाखा एस. टी. च्या वेळापत्रकाने ठरवली. पंधराव्या-सोळाव्या वर्षी असे ठरलेले उभ्या आयुष्यावर का कोरून ठेवावे?

उंबरठा गेला तरी आम्ही सगळे भुर्रकन उडू असे मी म्हणत नाही. या शिक्षणाचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात, कित्येकदा त्याहूनही वर जातो. मामाचे दीड एकर विकले तरी पहिले पन्नास तास होणार नाहीत. शिष्यवृत्त्या, कर्ज, हा वेगळा आणि अधिक कडू विषय आहे. त्यावर कोणी वाणिज्यवाल्याने लिहावे. पण पैसे नाहीत म्हणून थांबणे आणि तू कलेची म्हणून परत जा असे ऐकणे, यांत फरक आहे. पहिल्यात मी गरीब ठरते, दुसऱ्यात अडाणी.

२०२५ साली वर्तमानपत्रांत बातमी आली की, ही अट काढून कला-वाणिज्याच्या मुलांनाही दार उघडावे अशी शिफारस डीजीसीएने केली आहे. आमच्या वर्गात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. पण शिफारस, मग मंत्रालय, मग राजपत्र, हा प्रवास बैलगाडीचा असतो हे नागरिकशास्त्रात शिकले असल्यामुळे मी वाट पाहत बसले नाही. मुक्त विद्यालयाचा अर्ज भरला, गणित आणि भौतिकशास्त्र. भौतिकशास्त्राचे सर, तेच ते, रोज कॉलेज सुटल्यावर पाऊण तास शिकवतात आणि पैशाचे नाव काढू देत नाहीत. त्रिकोणमिती अजून अंगावर येते, पण पंख हवेत का टिकतो ते आता मला बऱ्यापैकी सांगता येते. परवा बांधावर बसून मामालाही सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग तू कवा उतरशीन इथं?"

आई वेगळ्याच काळजीत आहे. अट उद्या खरोखरच रद्द झाली, तर परीक्षेची फी फुकट गेली म्हणायची. ती खुशाल फुकट जावी.