सटकू नका, सांगून निघा!

जूनमधली सकाळ. बालवाडीच्या फाटकाशी ताई उभी आणि भाची तुमच्या कडेवर. ताई डोळ्यांनीच खुणावते, ‘तू हिला तिकडे मासे दाखव, तोवर मी सटकते.’ तुम्ही मासे दाखवता. वळून बघते तर आई गायब! मग जे भोकाड पसरलं जातं, ते अख्खी गल्ली ऐकते.

खरं सांगा, मावशी, मामा, काका म्हणून या कटात कधी ना कधी सामील झालात ना? मीही झालोय. पण ही चक्क फसवणूक आहे, असं आता वाटतं.

आठ-नऊ महिन्यांच्या आसपास बाळाला कळू लागतं की दिसत नसली तरी आई कुठेतरी असते. पण ती परत कधी येणार? दुपारी म्हणजे किती वेळाने? ते कळत नाही, म्हणून ते रडतं. हा हट्ट नाही की लाडावणं नाही. बहुतेकांचं तीन वर्षांच्या आगेमागे ओसरतंही. (पाच-सहा वर्षांचं मूल महिनाभर रोज शाळेच्या वेळीच पोट धरून बसत असेल, तर मात्र डॉक्टरांशी बोला.)

गुपचूप सटकल्याने रडणं टळत नाही, फक्त आईला ते ऐकावं लागत नाही. आणि पोर काय शिकतं? आईवरची नजर हलवायची नाही. मग घरी ती बाथरूमला गेली तरी दाराशी धरणं!

‘थोडं रडून गप्प होतात हो,’ असं सगळेच सांगतात. १९५२मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमध्ये आठ दिवस हॉस्पिटलात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म केली. तेव्हा तिथे आईवडिलांना मुलांजवळ थांबू देत नसत. ती मुलगी फार रडत नाही, शहाण्यासारखी गप्प राहते. तेच बघवत नाही. १९५९मध्ये तिथल्या सरकारी समितीने पालकांना कधीही भेटू द्या, अशी शिफारस केली. गप्प झालं म्हणजे रमलंच, असं नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी ताईने खुणावलं तर सरळ सांगा, ‘टाटा करून जा. खाऊ खाऊन झाला की येते म्हण, आणि तेव्हाच ये.’ भाची रडेल. तिला मांडीवर घेऊन बसा. मासे काय, नंतरही दाखवता येतील.