नियम युरोपचा, सर्व्हर आपला: ग्रेपनेट नेमकं काय करतं?

निफाड-दिंडोरीची द्राक्षं रॉटरडॅमच्या बंदरात उतरली की त्यांना युरोपियन युनियनचा कायदा लागतो. युनियनचं 'रेग्युलेशन' 27 सदस्य देशांत थेट लागू होतं. 'डायरेक्टिव्ह' असेल तर प्रत्येक देशाला ठरलेल्या मुदतीत स्वतःचा कायदा करावा लागतो. टाळाटाळ केली तर युरोपियन कमिशन त्या देशाला लक्झेंबर्गच्या न्यायालयात खेचतं, दंडही होऊ शकतो. भारत सदस्य नाही. म्हणून आपल्याला ना कोर्ट, ना दंड. थेट माल नाकारला जातो.

त्यामुळे आपल्या सरकारने हा परका कायदा चक्क सॉफ्टवेअरमध्ये उतरवला.

हे चालतं कसं?

अपेडाने 2006 मध्ये ग्रेपनेट सुरू केलं. निर्यातीची प्रत्येक बाग राज्याच्या कृषी विभागाकडे नोंदवली जाते आणि तिला नंबर मिळतो. काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची माणसं बागेतूनच नमुना घेतात. रिपोर्ट सिस्टिममध्ये चढतो. एखाद्या रसायनाचा अंश मर्यादेबाहेर निघाला, की पुढची सर्टिफिकेटं अडतात. पास झाला, तर पेटीवरच्या नंबरावरून थेट बागेपर्यंत मागे जाता येतं.

मर्यादा किती कडक? युरोपच्या 396/2005 या रेग्युलेशननुसार, ज्या रसायनाला वेगळी मर्यादा नाही त्याला किलोमागे 0.01 मिलीग्रॅम. म्हणजे 100 टन द्राक्षांत 1 ग्रॅम!

मग 2010 मध्ये काय झालं?

त्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. शेतकरी याला सीसीसी म्हणतात. हे कीटकनाशक नाही, वाढ रोखणारं संजीवक आहे. युरोपात त्याला मर्यादा होती, पण आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, टेस्ट केसच नव्हती, म्हणून टेस्ट पास झाली. कंटेनर अडकले आणि फटका बागायतदारांना बसला. नंतर सीसीसी यादीत आलं.

खरा प्रश्न

माझ्या मते, ग्रेपनेटचा जीव कोडमध्ये नाही, त्या यादीत आहे. ब्रुसेल्स मर्यादा वर्षभर बदलत असतं. फवारण्या मात्र ऑक्टोबर छाटणीपासूनच सुरू होतात. जानेवारीत लॅबने 'फेल' सांगून काय उपयोग? फवारलेलं परत घेता येत नाही. बदललेली मर्यादा छाटणीआधी, मराठीत, शेतकऱ्याच्या मोबाईलवर पोचली पाहिजे. नियम बनवताना त्याला कुणी विचारत नाही; निदान कळवा तरी वेळेत.