दूध जास्त झाले? कोणाला?

'राज्यात दूध अतिरिक्त झाले' हे वाक्य दर काही वर्षांनी सरकारी फायलीतून बाहेर पडते आणि थेट गोठ्यात शिरते. म्हणजे बाईच्या अंगावर येते. चारा कापणे, शेण काढणे, पाणी पाजणे, पहाटे धार काढणे ही कामे बहुतेक घरांत तिचीच. डेअरीवर किटली नेणे, पासबुकावर सही करणे आणि पैसे खिशात घालणे हे मात्र पुरुषाचे!

दूध म्हणजे तोटी फिरवली की बंद होणारे नळाचे पाणी नव्हे. गाईची धार दोन वेळा काढावीच लागते, नाहीतर कास सुजते. तरीही एकेकाळी महाराष्ट्रात पुष्टकाळात 'दूध सुट्टी' दिली जाई. त्या दिवशी संकलन बंद. सुट्टी डेअरीला. गाईला नाही, आणि बाईला तर नाहीच. उरलेले दूध आटवायचे, विरजायचे, तूप कढवायचे तिनेच, तेही बिनमोल.

युरोपने १९८४ साली दुधावर कोटा बसवला. ठरल्यापेक्षा जास्त दूध घातले की दंड. हा कोटा २०१५ साली उठला. पण तिथे सरकारने आधी वर्षानुवर्षे हमीभाव देऊन लोण्याचे डोंगर उभे केले होते. त्याच युरोपची १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल १९७० साली सुरू झालेल्या आपल्या 'दूध महापूर' योजनेसाठी मदत म्हणून आले. तिकडचे अतिरिक्त दूध इकडे खपवता येते, मग इकडचे दूध इकडच्याच लेकरांपर्यंत का पोचत नाही?

मी विश्रांतवाडीत काम करते. वस्तीतल्या आमच्या गटातल्या बहुतेकजणी धानोरी, टिंगरेनगरच्या सोसायट्यांत धुणीभांडी करतात. घरात अर्ध्या लिटरची पिशवी येते, ती चहाला पुरवायची. पोरांना पेलाभर दूध सणासुदीला. स्वतः बाई कोरा चहा पिते. यातल्या काहीजणींच्या माहेरी शिरूर, खेडकडे गोठा होता. भाव पडला, गाय विकली. जिच्या आईने जन्मभर धारा काढल्या, तिला इथे दूध परवडत नाही. याला अतिरिक्त म्हणायचे?

कोणी म्हणेल, गिऱ्हाईक नसेल तर सरकारने दूध घ्यायचे तरी किती? प्रश्न रास्त आहे. पण २०२० च्या टाळेबंदीत याच सरकारने रोज १० लाख लिटर दूध लिटरला २५ रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरवले. त्याच वर्षी आदिवासी भागातील बालके आणि गरोदर, स्तनदा मातांना भुकटी देण्याचाही निर्णय झाला. म्हणजे वाट माहीत आहे. संकटात जे जमते ते एरवी का जमू नये?

मैत्रिणींनो, शहरातल्या बाईने स्वस्त दुधासाठी आणि गावातल्या बाईने दुधाच्या भावासाठी भांडायचे, ही भांडणे मुळात एकच आहेत. मधल्यांना ती वेगळी ठेवायची आहेत. म्हणून मागण्याही एकत्र करू या. संकलन नाकारायचे असेल तर आधी नुकसानभरपाई जाहीर करा. जास्तीचे दूध रास्त भावाने घेऊन अंगणवाडीत द्या, शहरातल्या वस्त्यांच्या अंगणवाड्याही त्यात आल्या. दूध संस्थेचे सभासदत्व धार काढणारीच्या नावावर करा आणि पैसे तिच्या खात्यात जमा करा.

१९९४ साली महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केले, त्याचा मोठा गौरव झाला. ते धोरण गोठ्याच्या दारापर्यंत पोचले का, हे आपापल्या गावच्या संस्थेची सभासद यादी मागवून प्रत्येक गटाने तपासावे. बायकांची नावे मोजावीत. मग कशाचा तुटवडा आहे आणि काय अतिरिक्त झाले आहे, ते आपणच सरकारला सांगू.